फॉर्ममध्ये एक चूक झाली की सगळं कोरं होतंय, ऑपरेटर खोटे नंबर टाकायलेत (जँगो, व्हॅलिडेशन)

मांजराकाठ (लातूर)

नमस्कार मंडळी. सोयाबीनची आवक सुरू झालीय, वेळ कमी आहे, म्हणून थेट मुद्द्यावर येतो.

आमच्या भागातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या खरेदी केंद्रासाठी मी जँगोत (पायथन भाषेतलं फ्रेमवर्क, म्हणजे वेबसाइट बनवायचा तयार सांगाडा) नोंदणीचं अ‍ॅप करून दिलंय. शेतकऱ्याचं नाव, गाव, गट नंबर, मोबाइल, खाते क्रमांक, आयएफएससी, भरल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, कट्टे, ओलावा असे एकूण १९ रकाने आहेत. घरी लॅपटॉपवर सगळं नीट चालत होतं.

परवा केंद्रावर दिवसभर ऑपरेटरच्या शेजारी बसलो आणि झोप उडाली. काट्यावर ट्रॅक्टरची रांग. एक आजोबा पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून घेऊन आलेले. पोरानं १९ रकाने भरले आणि बटण दाबलं, तर वर लाल पट्टीत इंग्रजीत एक ओळ आली आणि खालचा अख्खा फॉर्म कोरा. त्यानं परत सगळं भरलं. परत तेच. तिसऱ्या वेळी त्यानं आजोबांना मोबाइल नंबर विचारलाच नाही, दहा वेळा ९ दाबला आणि फॉर्म पुढं ढकलला. मी विचारलं तर म्हणाला, "सर, बाहेर ट्रॅक्टर थांबलेत. असं केलं की जातंय."

घरी येऊन डेटाबेस बघितला. असा ९-९-९ वाला नंबर ४१ जणांच्या नावापुढं आहे. म्हणजे पैसे जमा झाल्याचा एसएमएस त्यांच्यातल्या एकालाही जाणार नाही.

याशिवाय दोन अडचणी. नेट हळू असलं की एकच गाडी दोनदा नोंदली जाते. आणि अधूनमधून नुसतं "सर्व्हर एरर ५००" असं पांढरं पान येतं, मग ऑपरेटर मला फोन करतात आणि कुठं काय झालं ते मला सांगता येत नाही.

मी व्हॅलिडेशन (भरलेली माहिती बरोबर आहे का याची तपासणी) लिहिलंय, नाही असं नाही. पण कुठंतरी मुळातच चुकतंय. मार्गदर्शन करा.

---

गोदातीर (नांदेड)

पहिली गोष्ट, केंद्रावर जाऊन बसलात हे फार चांगलं केलं.

फॉर्म कोरा होण्याचं कारण तुमच्या व्ह्यूमध्ये (आलेल्या फॉर्मचं काय करायचं ते ठरवणारा कोड) असणार. व्हॅलिडेशन फसल्यावर तुम्ही संदेश लावून रिडायरेक्ट करताय का, म्हणजे ब्राउझरला पान परत उघडायला लावताय का? तसं असेल तर ब्राउझर पान नव्यानं मागतो आणि नवा, रिकामा फॉर्म तयार होतो. भरलेला मजकूर जुन्या रिक्वेस्टबरोबर गेला.

जँगोत फॉर्म दोन अवस्थांत असतो. डेटा न देता बनवला की तो नुसता साचा असतो. पोस्टमधून (बटण दाबल्यावर जाणारी रिक्वेस्ट) आलेला डेटा देऊन बनवला की तो बांधलेला फॉर्म होतो, इंग्रजीत बाउंड म्हणतात तो. इज-व्हॅलिड (तपासणी पास झाली का) खोटं आलं तर तोच बांधलेला फॉर्म तसाच टेम्प्लेटला (पानाच्या मांडणीची फाइल) द्यायचा. त्याच्या पोटात माणसानं टाइप केलेलं सगळं असतं आणि कुठल्या रकान्यात काय चुकलं तेही असतं. रिडायरेक्ट फक्त यशस्वी झाल्यावर करायचा, म्हणजे रिफ्रेश केलं तरी नोंद परत जात नाही.

बरेच जण व्ह्यूच्या शेवटी, इफ-एल्सच्या बाहेर, "फॉर्म = रिकामा फॉर्म" अशी ओळ ठेवतात. ती ओळ बांधलेल्या फॉर्मवर पाणी फिरवते. तेही तपासा.

---

मांजराकाठ (लातूर)

गोदातीर दादा, अगदी तेच होतं. चूक आली की संदेश लावून रिडायरेक्ट करत होतो. काढलं.

पण तरीही निम्मे रकाने कोरेच यायचे. मग लक्षात आलं की दिसायला नीट म्हणून काही इनपुट मी टेम्प्लेटमध्ये हातानं लिहिलेत आणि त्यांना व्हॅल्यू दिलेलीच नाही. फॉर्मकडं मजकूर होता, पण मी तो छापतच नव्हतो. आता प्रत्येक रकाना फॉर्मकडूनच काढून घेतोय आणि त्याच्या लगेच खाली त्याची चूक दाखवतोय. वरची लाल पट्टी काढून टाकली.

---

मोंढा_नाका (जालना)

मी लाराव्हेलवाला (पीएचपी भाषेतलं तसंच फ्रेमवर्क), पण दुखणं तेच आहे. आमच्याकडं फॉर्म-रिक्वेस्ट फसली की फ्रेमवर्क स्वतःच मागच्या पानावर पाठवतं आणि जुना मजकूर सेशनमध्ये ठेवतं. पण ब्लेडमध्ये (लाराव्हेलची टेम्प्लेट) प्रत्येक इनपुटला ओल्ड हे फंक्शन लावलं नाही तर पान कोरंच दिसतं. पासवर्ड आणि फाइल मात्र परत येत नाहीत. पासबुकचा फोटो चढवायला लावत असाल तर तो वेगळा, आधी चढवून घ्या. एका स्पेलिंगपायी माणसाला परत फोटो काढायला लावू नये.

अजून एक. रिकामा रकाना लाराव्हेलमध्ये नल (काहीच नाही) होऊन येतो, म्हणून ऐच्छिक रकान्याला नलेबल नियम लावावा लागतो. हे माहीत नसलं की "ईमेल बरोबर नाही" अशी चूक ज्यानं ईमेल दिलाच नाही त्याला येते. आमच्या इकडच्या शेतकऱ्याला ईमेल विचारायचाच कशाला हा प्रश्न वेगळा, पण विचारलाच तर रिकामा चालू द्या.

---

सेवा_खिडकी (परभणी जिल्हा)

मी प्रोग्रामर नाही. गावात सेवा केंद्र चालवते, दिवसाला तीस-चाळीस फॉर्म भरते. धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय.

खोटा नंबर का टाकतात ते ऐका. समोर बाई उभी असते, तिच्याकडं मोबाइल नसतो. नंबर मुलाचा, मुलगा पुण्याला, नंबर पाठ नाही. फॉर्म म्हणतो नंबर भरल्याशिवाय पुढं जाऊ देणार नाही. आता मी तिला चौदा किलोमीटर परत पाठवू का? रकान्यात "मोबाइल नाही" असं टिक करायला एक चौकट दिली असती तर मी खरं लिहिलं असतं.

दुसरं, गट नंबर. आमच्याकडं १२३/२/अ असे गट आहेत. कितीतरी फॉर्म तिथं फक्त आकडा मागतात. मग आम्ही १२३ टाकतो. कागदावर सातबारा एक आणि फॉर्ममध्ये दुसरंच.

पिन कोडचंही तसंच. एका फॉर्ममध्ये मराठवाडा निवडला की पिन ४३ नेच सुरू झाला पाहिजे असं होतं. परभणी ४३१४०१, नांदेड ४३१६०१, ठीक आहे. पण लातूर ४१३५१२ आणि धाराशिव ४१३५०१! माझ्याकडं लातूरहून इकडं नांदायला आलेल्या लेकीबाळी येतात, त्यांच्या माहेरच्या पत्त्यावर फॉर्म अडायचा.

आणि चुका एकेक करून सांगू नका हो. एक दुरुस्त केली की दुसरी, ती केली की तिसरी. माणूस समोर बसलेला असताना लाज वाटते. सगळ्या एकदम दाखवा, आम्ही एका दमात नीट करतो.

---

गोदातीर (नांदेड)

ताई, तुमची पोस्ट प्रत्येक टीमनं वाचायला पाहिजे.

एक तांत्रिक भर घालतो. जँगो मुळात सगळ्या रकान्यांच्या चुका एकदमच गोळा करतो, लाराव्हेलही करतं. एकेक दाखवणं हे बहुधा आपणच हातानं लिहिलेल्या इफच्या साखळीमुळं होतं. पहिल्या चुकीला रिटर्न, मग दुसरी तपासणी. ती साखळी मोडून फ्रेमवर्कला त्याचं काम करू द्यावं.

आणि गट नंबर, पिन, मोबाइल, खाते क्रमांक हे आकडे दिसत असले तरी संख्या नाहीत. त्यांची कुणी बेरीज करत नाही. ते मजकूर म्हणूनच ठेवायचे. खाते क्रमांकाच्या सुरुवातीचं शून्य इंटिजर फील्डनं खाल्लेलं मी पाहिलंय, पैसे परत आले तेव्हा कळलं.

---

काना_मात्रा (अंबाजोगाई)

मराठी मजकुराबद्दल लिहिते, कारण इथं फार जण ठेचकाळतात आणि इंग्रजी ट्युटोरियलमध्ये यातलं काहीच नसतं.

नावाच्या रकान्याला बॅकस्लॅश-डब्ल्यूचा रेजेक्स (मजकुरात कुठली अक्षरं चालतील ते सांगणारा नियम) लावला असेल तर तो आधी काढा. पायथनच्या अंगभूत रेजेक्समध्ये तो अक्षर आणि अंक ओळखतो, पण काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, हलन्त यांना तो अक्षर मानत नाही. युनिकोडमध्ये (संगणकासाठी सगळ्या लिप्यांना क्रमांक देणारं मानक) ती वेगळ्या वर्गात येतात, चिन्हांच्या. परिणाम बघा. "कमल" पास होते, "मदन" पास होतो, "गणपत" पास होतो. "सुनीता" नापास, "विठ्ठल" नापास. म्हणजे ज्याच्या नावात काना-मात्रा नाही तेवढाच माणूस नोंदणीला पात्र. मी स्वतः एका शाळेच्या प्रवेश फॉर्मवर हे केलं होतं. पहिल्या दिवशी तपासणीला मी नेमकं "कमल" हेच नाव वापरलं होतं, त्यामुळं कळलंच नाही. दुसऱ्या दिवशी पालक मुलांची नावं रोमन लिपीत भरायला लागले तेव्हा शोध घेतला.

नावाला कडक नियम लावूच नये असं माझं मत झालंय. आकडे आणि कंस-चिन्हं नकोत, लांबी ठीक, रिकामं नको, बस.

लांबीवरून आठवलं. पायथन "क्षी" ची लांबी ४ मोजतो: क, हलन्त, ष, वेलांटी. माणसाला ते एक अक्षर दिसतं. त्यामुळं "५० अक्षरं" ही मर्यादा मराठी नावाला वाटते त्यापेक्षा लवकर संपते. नाव, वडिलांचं नाव, आडनाव एकाच रकान्यात घेत असाल तर १५० तरी ठेवा.

आता आकडे. बॅकस्लॅश-डी हा पायथनमध्ये मराठी आकडेही स्वीकारतो. दहा अंकांचा नियम लावला, ऑपरेटरचा कीबोर्ड मराठीवर होता, त्यानं ९८ असं मराठीत टाइप केलं, नियम पास झाला, नंबर मराठी आकड्यांत मजकूर म्हणून साठला, आणि एसएमएस पाठवणाऱ्या सेवेनं तो नाकारला. वजनाच्या रकान्यात हा त्रास होत नाही, कारण पायथनला १२ मराठीत दिलं तरी ते बाराच कळतं आणि डेटाबेसात संख्याच जाते. अडचण फक्त मजकूर म्हणून ठेवलेल्या आकड्यांची.

यावर "मराठी आकडे चालणार नाहीत" असं ऑपरेटरला सांगू नका. मराठी माणसानं मराठी आकडे टाइप केले यात त्याची चूक काय? आपणच बदलून घ्यावेत. पण कुठं बदलता ते महत्त्वाचं. जँगोत आधी फील्डचं टू-पायथन (आलेला मजकूर हव्या त्या रूपात बदलणारा भाग) चालतं, मग फील्डला लावलेले व्हॅलिडेटर, आणि त्यानंतर तुमचं क्लीन-मोबाइल (त्या एका रकान्यासाठी तुम्ही लिहिलेली तपासणी). इंग्रजी शून्य ते नऊ असा कडक रेजेक्स फील्डला लावला आणि बदल क्लीन-मोबाइलमध्ये लिहिला, तर मराठी आकडा बदलायची पाळी येण्याआधीच दारात अडतो. म्हणून कॅरेक्टर फील्डवरून स्वतःचं छोटं फील्ड बनवा आणि टू-पायथनमध्येच आकडे बदला, मधल्या मोकळ्या जागा काढा, पुढचं अधिक-९१ किंवा शून्य काढा. मग कडक नियम लावा: दहा अंक, पहिला ६ ते ९.

शेवटचं, ऱ्ह आणि ऱ्य. "कऱ्हाळे" हे आडनाव दोन तऱ्हेनं टाइप होतं. एकात खाली टिंब असलेला ऱ आणि हलन्त असतो, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे. डेटाबेसासाठी मात्र दोन वेगळी माणसं. युनिकोडचं नेहमीचं एनएफसी सामान्यीकरण (एकाच अक्षराची वेगळी रूपं एक करणं) हे दोन प्रकार एक करत नाही, ते आपल्याला हातानं करावं लागतं. "शेतकऱ्याचं" हा शब्दच घ्या, तुमच्या अ‍ॅपमध्ये शोध लावून बघा, दोन्हीकडून लिहून.

---

मांजराकाठ (लातूर)

काना_मात्रा ताई, शोध लावून बघितला. एकच गाव दोनदा निघालं, "बोऱ्हाडी"सारखंच नाव. गावाच्या यादीत दोन ओळी, डोळ्याला काहीच फरक नाही. मी दोन महिने समजत होतो की कुणीतरी दोनदा भरलंय.

---

तेरणा (धाराशिव)

गाव-जिल्ह्याच्या यादीचा विषय निघालाच आहे तर.

२०२३ मध्ये जिल्ह्यांची नावं बदलली: औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबादचं धाराशिव. आमच्या एका अ‍ॅपमध्ये जिल्हा हा पर्यायांच्या यादीतून निवडायचा होता आणि साठवताना नावच साठवलं होतं. आम्ही यादीतलं नाव बदललं. नव्या नोंदी व्यवस्थित. पण जुनी नोंद दुरुस्तीला उघडून कुणी नुसता मोबाइल बदलला तरी फॉर्म जिल्ह्यापाशी अडायचा, कारण जुनं नाव आता यादीत नव्हतं. ऑपरेटरनं जिल्ह्याला हातसुद्धा लावलेला नसायचा.

नाव साठवू नका, कोड साठवा, नाव फक्त दाखवायला. सरकारचे एलजीडी (लोकल गव्हर्न्मेंट डिरेक्टरी) कोड आहेतच, जिल्हा-तालुका-गाव सगळ्यांना.

---

मोंढा_नाका (जालना)

एक विचारतो. हे सगळं ब्राउझरमध्येच तपासलं तर? नेट हळू आहे म्हणता, मग सर्व्हरपर्यंत जायचंच कशाला? रिक्वायर्ड, पॅटर्न, थोडं जावास्क्रिप्ट, काम फत्ते.

---

गोदातीर (नांदेड)

ब्राउझरमध्ये जरूर तपासा, ती ऑपरेटरची सोय आहे. पण सर्व्हरवरची तपासणी त्यामुळं एका ओळीनंही कमी करायची नाही. फॉर्म कुठल्या ब्राउझरमधून येतोय, जुन्या कॅशमधल्या पानावरून येतोय की कुणी स्क्रिप्टनं पाठवतोय, हे तुमच्या हातात नसतं. शिवाय एक्सेलमधून आयात करता तेव्हा ब्राउझरही नसतो आणि फॉर्मही नसतो.

आयातीचं मुद्दाम सांगतो. जँगोत मॉडेलवर (डेटाबेसातल्या तक्त्याचं कोडमधलं रूप) व्हॅलिडेटर लावले म्हणजे सेव्ह करताना ते चालतात असा समज आहे. चालत नाहीत. मॉडेल-फॉर्म ते चालवतो. पण नुसतं सेव्ह किंवा क्रिएट केलं तर फुल-क्लीन (सगळी तपासणी) आपण स्वतः बोलवावं लागतं, आणि बल्क-क्रिएट (अनेक नोंदी एकदम टाकणं) तर सेव्हसुद्धा बोलवत नाही. लॅपटॉपवर एसक्यूलाइट (छोटा, एका फाइलीतला डेटाबेस) असेल तर लांबीची मर्यादाही ते पाळत नाही. म्हणून घरी सगळं आत जातं आणि पोस्टग्रेसवर (सर्व्हरवरचा मोठा डेटाबेस) गेलं की फटकन एरर येते. आयात करताना प्रत्येक ओळ त्याच फॉर्ममधून न्या आणि चुकलेल्या ओळी क्रमांकासह परत द्या.

---

मांजराकाठ (लातूर)

५०० चं कारण सापडलं! सांगतो, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

फॉर्मच्या क्लीनमध्ये मी भरल्या गाडीचं वजन वजा रिकाम्या गाडीचं वजन काढतो, निव्वळ वजन शून्यापेक्षा जास्त आहे ना बघतो. त्यासाठी क्लीन्ड-डेटामधून (तपासणीत पास झालेल्या रकान्यांचा साठा) दोन्ही वजनं थेट किल्ली देऊन घेत होतो. पण ज्या रकान्याची स्वतःची तपासणी फसली तो क्लीन्ड-डेटात नसतोच. ऑपरेटरनं वजनाच्या जागी "२५ क्वि" असं लिहिलं की वजन फसायचं आणि माझी ओळ की-एररनं कोसळायची. साध्या चुकीचं ५०० मीच करत होतो. आता गेटनं घेतो, दोन्ही वजनं असतील तरच वजाबाकी करतो, आणि चूक अ‍ॅड-एररनं थेट रिकाम्या गाडीच्या रकान्याखाली लावतो.

---

सेवा_खिडकी (परभणी जिल्हा)

वजनाचं एक सांगू का? माझे मिस्टर आडतीवर मुनीम होते. "पंचवीस क्विंटल चार किलो" हे नवी पोरं २५.४ असं लिहितात. ते तर पंचवीस क्विंटल चाळीस किलो झालं. छत्तीस किलोचा फरक, आणि फॉर्मला कसं कळणार, आकडा तर बरोबरच दिसतोय.

क्विंटल आणि किलो असे दोन रकाने द्या. मिस्टरांच्या वहीत तसेच दोन घर असायचे.

---

गोदातीर (नांदेड)

याला म्हणतात कामातून आलेलं शहाणपण. किंवा सगळं किलोतच घ्या, काटा किलोतच दाखवतो. साठवताना फ्लोट (अंदाजे दशांश) नको, डेसिमल (अचूक दशांश).

आता दुहेरी नोंद. बटण दाबल्यावर ते बंद करणं ठीक आहे, पण तेवढ्यावर भागत नाही. रिक्वेस्ट सर्व्हरला पोचली, नोंद झाली आणि उत्तर येताना नेट गेलं, तर ऑपरेटर परत दाबणारच. त्याचं बरोबरच आहे. "आधी शोध, नसेल तर टाक" हेही पुरेसं नाही, दोन रिक्वेस्ट एकाच क्षणी आल्या तर दोघींनाही "नाही" असंच उत्तर मिळतं. शेवटचा पहारा डेटाबेसचाच, युनिक कन्स्ट्रेंटचा, म्हणजे तीच नोंद दुसऱ्यांदा घेऊ न देणाऱ्या नियमाचा.

पण कशावर लावायचा ते विचार करून ठरवा. शेतकरी आणि तारीख यांवर लावू नका, एकाच दिवशी दोन ट्रॅक्टर आणणारे असतात. केंद्र, तारीख आणि काटापावती क्रमांक हे एकत्र बरोबर आहे. पावती नसेल तर फॉर्म उघडतानाच एक यूयूआयडी (दुसऱ्या कशाशी जुळणार नाही असा लांब क्रमांक) लपवलेल्या रकान्यात घाला, चूक होऊन फॉर्म परत आला तरी तोच राहील, आणि त्यावर युनिक लावा.

मग परत दाबलं की इंटेग्रिटी-एरर (नियम मोडल्याची डेटाबेसची तक्रार) येईल, ती पकडायची. पकडताना सेव्ह करणारी ओळ स्वतंत्र अ‍ॅटॉमिक ब्लॉकमध्ये (झालं तर सगळं, नाहीतर काहीच नाही असा भाग) ठेवा, नाहीतर बाहेर ट्रान्झॅक्शन चालू असेल तर पोस्टग्रेस त्यानंतरची प्रत्येक क्वेरी नाकारतो. आणि पकडल्यावर ऑपरेटरला लाल चूक दाखवू नका. आधीची नोंद शोधा आणि तिचीच पावती दाखवा: "ही गाडी ११:२० ला नोंदली आहे." त्याला हवं होतं ते मिळालं.

पण एक्सेप्ट एक्सेप्शन आणि पुढं पास (म्हणजे कुठलीही एरर पकडून गप्प बसणं) असं कुठंही लिहू नका. माझ्या हातून एकदा झालंय. पैसे वाटपाची यादी तयार करणाऱ्या कोडमध्ये एका ओळीसाठी मी तसं लिहिलं, म्हटलं एका वाईट नोंदीपायी अख्खी यादी थांबायला नको. अकरा दिवस काही लोक यादीतून गळत राहिले आणि कुठंच काही लाल झालं नाही. एक माणूस केंद्रावर येऊन रडला तेव्हा कळलं. जी एरर तुम्हाला नावानिशी माहीत आहे तीच पकडा, बाकीच्या वर जाऊ द्या आणि लॉगमध्ये पडू द्या.

---

काना_मात्रा (अंबाजोगाई)

५०० च्या पानाबद्दल. डीबग (चुका तपशिलात दाखवणारी सेटिंग) खरं ठेवून सर्व्हर चालवत असाल तर आजच खोटं करा, ते पिवळं पान तुमच्या कोडच्या ओळी आणि सेटिंग बाहेरच्याला दाखवतं. स्वतःचं ५०० चं टेम्प्लेट मराठीत लिहा. जँगो त्या टेम्प्लेटला काहीही कॉन्टेक्स्ट (पानात भरायची माहिती) देत नाही, म्हणून ते स्वतंत्र, साधं हवं. त्यात त्या चुकीचा नोंद क्रमांक दाखवायचा असेल तर स्वतःचा हँडलर लिहावा लागतो. तो लिहाच. ऑपरेटरनं फोनवर चार अक्षरं सांगितली की लॉगमध्ये थेट ती जागा सापडते.

डीबग बंद असताना जँगो अ‍ॅडमिनना ईमेल पाठवतो, त्यात फॉर्मचा मजकूरही असतो. खाते क्रमांक, आधार तसेच ईमेलमध्ये जातील. सेन्सिटिव्ह-पोस्ट-पॅरामीटर्स नावाचा डेकोरेटर व्ह्यूला लावा, ते रकाने झाकले जातात.

---

तेरणा (धाराशिव)

कुणाला मध्येच ४०३ (परवानगी नाही) येत असेल तर: एकाच संगणकावर दोन टॅब, एकात कुणी नव्यानं लॉगिन केलं की सीएसआरएफ टोकन (फॉर्म आपल्याच पानावरून आला याची गुप्त खूण) बदलतं, मग दुसऱ्या टॅबमधला भरलेला फॉर्म नाकारला जातो. लाराव्हेलमध्ये तेच ४१९ म्हणून येतं, आणि तिथं सेशन मुळात १२० मिनिटांचं असतं, जेवून आलेल्या ऑपरेटरला हमखास. सीएसआरएफ काढून टाकू नका, मराठीत समजावणारं पान द्या.

---

मांजराकाठ (लातूर)

आठ दिवसांनी लिहितोय, केंद्रावरूनच.

संदेश सगळे मराठीत, स्वतः लिहिले. "हे फील्ड आवश्यक आहे" असं कुणी बोलत नाही, म्हणून "शेतकऱ्याचं नाव राहिलं" असं केलं. सेवा_खिडकी ताईंची "मोबाइल नाही" चौकट घातली. ओलाव्याला पूर्वी मी १२ टक्क्यांच्या वर गेलं की अडवत होतो, कारण खरेदीचा निकष तो. पण माल १६ टक्क्यांचा आला तर तो आलाच आहे, नोंदवायला नको का? आता तिथं पिवळी सूचना येते, "ओलावा १६, बरोबर आहे?" आणि हो म्हटलं की नोंद होते. खरेदी करायची की नाही ते केंद्राचा माणूस ठरवतो.

आयएफएससीचं एक विचारायचं होतं. अकरा अक्षरं, पहिली चार अक्षरं बँकेची, पाचवं कायम शून्य. ऑपरेटर तिथं हटकून इंग्रजी ओ टाकतात, पासबुकवर तसंच दिसतं. पाचव्या जागी ओ आला तर गुपचूप शून्य करू का?

---

गोदातीर (नांदेड)

लहान अक्षरं मोठी करणं, मोकळ्या जागा काढणं हे गुपचूप चालेल. पाचव्या जागी दुसरं काही असूच शकत नाही, त्यामुळं तिथं ओचं शून्य करणंही चुकीचं नाही. पण पैशाचा रकाना आहे, बदललेलं त्याला दिसू द्या. शेवटच्या सहा अक्षरांना मात्र हात लावू नका, तिथं ओ आणि शून्य दोन्ही असू शकतात. बँक आणि शाखेचं नाव शेजारी दाखवलं तर ऑपरेटर पासबुकाशी ताडून बघेल.

---

सेवा_खिडकी (परभणी जिल्हा)

आणि त्या ४१ जणांचं काय केलं?

---

मांजराकाठ (लातूर)

ताई, ते नंबर काढले. रकाना रिकामा केला आणि "पडताळणी बाकी" अशी खूण लावली. गावनिहाय यादी छापून केंद्राच्या भिंतीवर चिकटवलीय, फक्त नाव आणि पावती क्रमांक, बाकी काही नाही. पैसे घ्यायला आले की खिडकीवर नंबर विचारतात. कालपर्यंत सव्वीस जणांचे खरे नंबर आले, तिघांकडं मोबाइलच नाही, त्यांच्यापुढं टिक केली. पिशवीत पासबुक गुंडाळून आणलेले आजोबा आज सकाळी आले होते. नंबर त्यांच्या नातवाचा आहे, पासबुकाच्या मागच्या पानावर पेन्सिलनं लिहून आणला होता.